सहावा चौकोन

१

कंपनीत तिला सगळे छटाताई म्हणायचे. भिंतीचे रंग बनवणाऱ्या त्या कारखान्यात छटा जुळवायच्या खोलीत तिची एकवीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक फुटकी फरशी पाठवायचं, जुन्या दाराचा तुकडा पाठवायचं, एकानं तर कोटाचं बटण पाठवलं होतं, आणि म्हणायचं, अगदी हाच रंग हवा. छटाताई मान डावीकडे कलती करायची, उजवा डोळा मिटायची आणि सांगायची, "पिवळा दोन थेंब कमी करा." मग यंत्र दोन मिनिटं घुरघुर करून तेच सांगायचं. नवीन आलेली माणसं आधी यंत्राकडे बघत. महिनाभरात तीही तिच्या मानेकडे बघायला लागत.

आणि अशा बाईला घरातल्या एका रिकाम्या खोलीचा रंग चार महिने ठरवता येत नव्हता.

"पृथ्वी स्वतःभोवती एकशे वीस वेळा फिरून झाली," नवरा म्हणायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे घरात असली मोजमापं फार चालत. "तुझं मात्र अजून जरा थांबा, जरा थांबा."

खोली बोळाच्या टोकाला होती. एक कपाट, इस्त्रीचं टेबल, दोन सूटकेसा आणि जिच्यावर कपड्यांशिवाय कधी कुणी बसलं नाही अशी व्यायामाची सायकल, असा सगळा संसार तिथे होता. ती आता आईची खोली होणार होती. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. दादाकडे ती हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. त्याआधी सासरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि त्याआधी माहेरी पाच बहिणींच्या रांगेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यावर पट्टी असताना ती हसत म्हणाली होती, "आतून कडी लावता येईल अशी एक खोली मिळाली असती ना, तर काय बहार आली असती."

छटाताईनं तिथल्या तिथे शब्द दिला होता. नवऱ्यानं पुढच्याच रविवारी दाराला आतून पितळी कडी ठोकली, जराशी तिरकी. कडीला चार महिने झाले. आई अजून दिवाणावरच होती.

रंग ठरला की आई येणार होती. कामावरून दमून आल्यावर रोज तिच्यापाशी बसावं लागणार होतं, तीच ती गाऱ्हाणी ऐकावी लागणार होती, आणि छटाताईला त्याचा आतून कंटाळा येत होता. आईवर तिचा जीव होता. पण कंटाळाही खरा होता, आणि त्याची तिला लाज वाटायची. म्हणून ती नवी नवी शेडकार्डं घरी आणत राहिली.

२

शेवटी नवऱ्यानं रंगाऱ्याला बोलावलंच. रंगारीमामा साठीचे, कानावर पेन्सिल, बोलणं बेताचं. त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीवर वीतभर रुंदीचे पाच चौकोन रंगवले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा घातला.

"वाळू द्या, मग बघा ताई. ओल्या रंगावर जाऊ नका," ते म्हणाले. हे तिला सांगायची गरज नव्हती, पण ती "बरं मामा" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भिंतीचा फोटो काढून आईला पाठवला. नव्या डोळ्यांचा आईला भारी अभिमान. पाचच मिनिटांत तिचा फोन आला.

"मला तो शेवटचा आवडला."

"पाचवा? तो राखाडी?"

"राखाडी कशाला घेऊ गं, दवाखाना आहे का? सहावा. खाली, कपाटाच्या बाजूला आहे तो. ऊन पडल्यासारखा."

"आई, पाचच आहेत."

"हो का? मग तूच घे डोळे तपासून. माझे नवे आहेत."

छटाताईनं फोटो उघडला. चौकोन सहा होते. ती फोन हातात धरूनच बोळाच्या टोकाला गेली. भिंतीवरही सहाच होते. सहावा खाली, कपाटाच्या कडेला, बाकीच्यांएवढाच, अगदी सरळ कडांचा. त्याच्याखाली आकडा नव्हता.

३

"हे तुमचेच उद्योग ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मला भिंतीवर सरळ रेघ मारता येत असती तर ती कडी तिरकी बसली असती का?" तो म्हणाला. हे पटण्यासारखं होतं.

रंगारीमामा संध्याकाळी येऊन बघून गेले. गुडघ्यावर बसून त्यांनी चौकोनावरून अंगठा फिरवला. "माझा नाही. माझ्या ब्रशची ओढ मी ओळखतो. याला ओढच नाही. कडेला रंग चढलेलाही लागत नाही हाताला." मग उठता उठता म्हणाले, "जुना असेल खालचा. वरचा पोपडा निघाला असेल."

ही गोष्ट छटाताईला बरी वाटली. जुना रंग, निघालेला पोपडा. चौकोनी पोपडा निघतो का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

रंग कसा होता म्हणाल तर दुधावरच्या सायीसारखा, किंचित पिवळा. भर दुपारी पडदा ओढलेल्या खोलीत भिंतीवर असतो तसा. वाईट अजिबात नव्हता. आईची निवड चांगली होती, हे तिलाही मान्य करावं लागलं.

कोणतीही छटा तीन वेळा बघायची हा तिचा कामातला नियम होता: सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. रंग उजेडाबरोबर बदलतो. सकाळी निळसर दिसणारा पांढरा संध्याकाळी मळकट दिसतो, आणि मग गिऱ्हाईक भांडायला येतं. म्हणून त्या रविवारी तिनं खुर्ची टाकून तिन्ही वेळा भिंत बघितली. पाच चौकोन शहाण्यासारखे वागले. सकाळी थंड दिसले, दुपारी खुलले, सहानंतर एकेक करून राखेसारखे होत गेले. साडेसहाला तर दोन आणि तीनमधला फरक तिलाही सांगता येईना.

सहावा सकाळी जसा होता तसाच दुपारी होता. आणि आता, खोलीत सूटकेसांच्या कडा दिसेनाशा झाल्या होत्या, तरी तो तसाच होता.

अंधारात चमकणारे रंग तिनं बनवले होते. ते हिरवट दिसतात, त्यांचा उजेड आजूबाजूला सांडतो आणि थोड्या वेळानं विझतो. हा चमकत नव्हता. त्याच्या खालची फरशी काळोखी होती. त्याच्यावर नुसता उजेड पडलेला होता, दुपारचा. या खोलीत तर दुपार कुठेच नव्हती.

तिनं दिवा लावला. दिव्याच्या उजेडात पाचही चौकोन पिवळे पडले. सहाव्यावर त्या दिव्याचा काही परिणाम झाला नाही.

४

दुसरा कुणी असता तर त्यानं त्यावर दोन हात पांढरा मारून विषय संपवला असता. पण एकवीस वर्षांत छटाताईकडून एकही रंग न जुळता परत गेला नव्हता. सोमवारी सकाळी तिनं सुरीच्या टोकानं चौकोनाच्या कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा काढला. रंगाखाली पुट्टी लागायला हवी होती. तिथे तोच रंग होता. तिनं आणखी खोल खरवडलं. प्लास्टरपर्यंत सुरी गेली तरी तोच रंग. तुकडा कागदात गुंडाळून ती कामावर गेली.

छटा जुळवायच्या खोलीत दिव्यांची एक पेटी असते. आत वेगवेगळे दिवे: दिवसाच्या उजेडाचा, दुकानातल्या ट्यूबचा, घरातल्या पिवळ्या बल्बचा. नमुना आणि आपला रंग शेजारी ठेवून एकेक दिवा लावून बघायचं. सगळ्या दिव्यांत दोन्ही सारखे दिसले की काम झालं.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. तिनं पांढरा बेस घेतला, पिवळ्याचे थेंब घातले, तांबड्या मातीच्या रंगाचा एक, काळ्याचा अर्धा. सगळं नेहमीचंच सामान होतं, कुठल्याही दुकानात मिळणारं. पहिला हात फिका निघाला. दुसरा गुलाबीकडे गेला. तिसरा कार्डावर ओढून वाळवला, तुकड्याशेजारी ठेवला आणि मान डावीकडे कलती केली.

जुळला होता.

तिला आनंद झाला, आणि तो आनंद खोटा म्हणता येणार नाही. तिनं दिवे एकेक करून बदलले. दोन्ही नमुने तसेच राहिले, जराही हलले नाहीत. मग तिनं शेवटचा दिवाही बंद केला. पेटीच्या काळोखात तुकडा दिसत होता. त्याच्या शेजारी तिचं कार्डही दिसत होतं.

ती बराच वेळ पेटीत बघत बसली. वाळेपर्यंत हा साधा रंग होता, तिनं स्वतः घोटलेला. वाळता वाळता केव्हातरी तो दुसऱ्याच उजेडात गेला होता.

डबा ओतून टाकायला हवा होता. मोरी चार पावलांवर होती. पण हातानं जमलेली गोष्ट टाकून द्यायची तिला सवय नव्हती, आणि असली छटा जगात दुसऱ्या कुणाला जमली नसती, हेही मनात होतंच. डब्यावर मापाची चिठ्ठी असल्याशिवाय तो खोलीबाहेर न्यायचा नाही, असा तिथला नियम. हातानं आपोआप चिठ्ठी लिहिली: बेस किती, थेंब किती, आणि खाली 'सहा'. डबा तिनं घरी नेला आणि आईच्या खोलीतल्या कपाटात मागे ठेवून दिला.

५

बुधवारी तिला सुट्टी होती. दुपारी बाराला लख्ख ऊन खिडकीतून भिंतीवर येत होतं. ती इस्त्री करत होती, आणि एकदाही थेट न बघता भिंतीवर लक्ष ठेवून होती.

चौकोनावरून सावली गेली.

तिनं मागे वळून खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. बाकीच्या पाच चौकोनांवर ऊन तसंच होतं. पक्षी असेल, तिनं ठरवलं. पक्ष्याची सावली एकाच चौकोनावर कशी पडेल, हा विचार आला तोवर सावली परत आली. या वेळी ती सरकली नाही. चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात थांबली, जसं कुणी पलीकडून जवळ येऊन बघावं. खांद्याची कड दिसली, डोक्याचा गोल भाग दिसला. मग ते डोकं हळूच एका बाजूला कललं.

इस्त्रीखाली कापड जळाल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. चौकोन पुन्हा स्वच्छ होता.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "या खोलीला आत्ता रंग नको. भिंतीत ओल आहे. आईला सांगते, एक-दोन महिने थांब म्हणून."

"ओल? कुठे आहे ओल?"

"मला दिसते."

तिच्या डोळ्यांपुढे घरात कुणाचं काही चालत नसे. आईला तिनं नवऱ्यासमोरच फोन केला. आई ऐकून घेऊन म्हणाली, "बरं." नेहमी ती आणखी चार गोष्टी बोलायची. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच सांगितलेलं कारण जवळजवळ खरं होतं, भिंतीत काहीतरी होतंच, आणि नेमकं तेव्हाच आईनं ओळखलं होतं की लेक टाळते आहे. छटाताईला रडू आलं. नवऱ्यानं ते बघितलं. त्याला वाटलं, ओलीमुळेच आलं असणार. दोन दिवस तो हात फिरवून फिरवून भिंत तपासत होता.

६

पुढच्या आठवड्यात तिला कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात तीन दिवस शिकवायला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ती घरी आली, तर दारातच ताज्या रंगाचा वास. बाहेरच्या खोलीत आईची कापडी पिशवी आणि काठी.

नवरा दात काढून हसत होता. "भिंत कोरडी ठणठणीत आहे. मामांनीही हात लावून बघितला. म्हटलं, तुझ्या मागे लागण्यापेक्षा उरकूनच टाकू. आईंना दुपारी घेऊन आलो."

"कुठला रंग दिलात?"

"आईंनी सांगितला तो. कपाटात तुझा डबा सापडला ना, वर चिठ्ठी होती. मामांनी दुकानात दाखवली, यंत्रानं जसाच्या तसा काढून दिला. चार भिंती, छत, सगळं." मग म्हणाला, "एक मात्र आहे हं. काय रंग आहे. खोलीत दिवा लावावाच लागत नाही."

बोळात काळोख पडायला लागला होता. टोकाच्या दारातून दुपार बाहेर दिसत होती.

ती उंबऱ्यापर्यंत गेली. खिडकीच्या काचेपलीकडे संध्याकाळ होती, समोरच्या घरांत दिवे लागले होते. काचेच्या अलीकडे भर बारा वाजलेले. आई खिडकीजवळच्या खाटेवर पाय सोडून बसली होती, धुतलेली साडी, केस नीट विंचरलेले. इतकी खुशीत तिनं आईला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"आलीस? बघ गं, किती उजेड आहे. सुईत दोरा ओवता येईल."

"आई, बाहेर ये. चहा घेऊ."

"झाला चहा. आता इथंच बसते जरा." आईनं हात भिंतीवर टेकला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. "शेजार चांगला आहे हो तुमचा. दुपारपासून भिंतीपलीकडे कुणीतरी ये-जा करतंय. मधेच थांबतं, पुन्हा जातं. तेवढीच सोबत."

त्या भिंतीपलीकडे शेजार नव्हता. घर तिथे संपत होतं, पलीकडे मोकळी जागा होती.

"आई, ऐक माझं. आजच्या दिवस आमच्या खोलीत झोप. वास आहे रंगाचा."

आईचं हसू हळूहळू उतरलं. ती खाली बघून म्हणाली, "पुन्हा थांबू का?"

छटाताईनं खरं ते सांगितलं असतं तरी आईला ते आणखी एक कारणच वाटलं असतं.

"माझी खोली आहे ना ही?" आईनं विचारलं.

"हो, तुझीच आहे."

"मग दार ओढून घे. कडी मी लावते मागाहून, पाय दुखताहेत जरा. आणि तुझं आवरलं की ये बसायला. वेळ असला तर."

७

तिनं दार ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत नवरा ताटं मांडत होता, त्याचा आवाज येत होता. छटाताई बोळातच उभी राहिली. दाराखालच्या फटीतून दुपारची सरळ, पिवळसर रेघ फरशीवर पडली होती.

आत जायचं, तिनं ठरवलं. हातपाय धुणं नको, जेवण नको, आईच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तिची सगळी गाऱ्हाणी ऐकायची. सकाळ झाली की मामांना बोलावून चारी भिंती खरवडायच्या. प्लास्टरही काढायचं. हे मनाशी पक्कं झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. महिनोन्‌महिने तिला जे जड वाटत होतं ते इतकंच होतं, नुसतं जाऊन बसणं.

तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

फटीतली रेघ मधेच तुटली. दोन ठिकाणी काळी झाली, शेजारी शेजारी, पावलांएवढी.

आई उठून दाराशी आली असेल, कडी लावायला. छटाताई म्हणाली, "आई, थांब, मी येते आहे."

आईचा आवाज आला तो दारापासून नाही. तो लांबून आला, खिडकीजवळून, खाटेवर बसल्या जागेवरून. त्यात नुसता आनंद होता.

"आलीस पण लगेच? अगं, दारातच काय उभी राहतेस मान वाकडी करून? ये ना, बस माझ्यापाशी."

फटीतली पावलं हलली नाहीत.

"किती दिवसांनी वेळ काढलास गं," आई म्हणाली. "आलीच आहेस तर तेवढी कडी लावून घे."

छटाताईनं अंगातल्या सगळ्या जोरानं दार ढकललं. आतून पितळी कडी सरकली, जराशी अडकली, कारण ती तिरकी होती, आणि मग बसली.